शनिवारचं रेकॉर्डिंग पुन्हा हुकलं, तातडीने मदत हवी

सचिव:
मंडळी, टीव्हीवरच्या नाटकाचा पहिला अंक परत हुकला. मिथटीव्हीत, म्हणजे संगणकावर टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या प्रोग्राममध्ये, वेळ लावलेली होती, डिस्कवर जागा होती, अँटेनाचा सिग्नलही चांगला आहे. संगणक ठरल्या वेळी जागाच झाला नाही. पुढचा अंक या शनिवारी आहे आणि ज्येष्ठांच्या गटाला तो दाखवायचं कबूल केलंय. कोणी बघेल का?

ग्रंथपाल:
बंद करताच कशाला? चालू राहू दे की.

कोषाध्यक्ष:
यावर मागेच बोलणं झालंय. तो खोका नुसता बसून ५० वॅट खातो. म्हणजे दिवसाला १.२ युनिट, वर्षाला ४३८. आठवड्यातल्या दोन-तीन तासांच्या रेकॉर्डिंगसाठी एवढी वीज जाळणं मला पटत नाही. सभेत परत मांडायचं असेल तर मांडा.

तांत्रिक समिती:
चालू ठेवायची गरजच नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात गजर लावता येतो, त्या वेळी यंत्र आपोआप सुरू होतं. मिथटीव्ही हेच करतो. माझा संशय वेगळा आहे. मिथटीव्ही लिनक्सवर चालतो, पण ग्रंथपाल ताईंच्या पुस्तकसूचीसाठी त्याच यंत्रावर विंडोजही ठेवलंय. विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स मात्र ते यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे असं धरून चालतं. ताईंनी शुक्रवारी सूची उघडली असेल, तर गजर काही तास इकडेतिकडे गेला.

ग्रंथपाल:
विंडोज काढायचं नाही. सूची तयार करायला किती माणसांचे किती रविवार गेलेत ते इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. आणि शुक्रवारी मी आलेच नव्हते.

तांत्रिक समिती:
ताई, काढा म्हणतच नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, एक नोंद केली की तेही यूटीसी मानतं. सूचीला धक्का लागत नाही.

एक सभासद:
आमच्या घरी व्हीसीआर होता तेव्हा वडील टायमर लावून ठेवायचे. वीज गेली की घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसायचं आणि सामना हुकायचा. मग ते आजोबांना बटण दाबायला बसवून जायचे. तुमच्याकडे वीज गेली होती का?

कोषाध्यक्ष:
वीज गेली नव्हती. पण निघताना भिंतीवरचं बटण बंद करतो, नेहमीप्रमाणे.

तांत्रिक समिती:
काका, मग तेच कारण! बंद यंत्रालाही गजर ऐकायला थोडी वीज लागते. बटण बंद असेल तर बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी घड्याळ चालू ठेवते, पण यंत्र सुरू करू शकत नाही. वेळेचा घोळ असो वा नसो, त्या रात्री ते उठणं शक्यच नव्हतं.

कोषाध्यक्ष:
बंद यंत्र किती खातं?

तांत्रिक समिती:
बहुतेक यंत्रं एक-दोन वॅट. दोन धरले तरी वर्षाला साडेसतरा युनिट.

कोषाध्यक्ष:
एवढं चालेल. पण प्रिंटर आणि हीटरचं बटण बंदच राहील, ते वेगळं करा.

दुसरा सभासद:
हा सगळा खटाटोप कशाला? तयार रेकॉर्डर घ्या.

सचिव:
तयार रेकॉर्डरमधली फाइल बाहेर काढणं अनेकदा जमतच नाही. आपल्याला अंक जपायचे आहेत, म्हणून तर हे बांधलं.

तांत्रिक समिती:
शनिवारसाठी: बटण चालू. गजर दहा मिनिटं आधीचा, कारण अँटेनाचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या यूएसबी ट्यूनरला जागं व्हायला वेळ लागतो. यंत्र स्लीपमध्ये नको, पूर्ण बंद करा. आपला ट्यूनर झोपेतून उठल्यावर कधी कधी सापडत नाही, नव्याने सुरू झाला की सापडतो. शुक्रवारी संध्याकाळी पाच मिनिटांचा गजर लावून सगळ्यांसमोर बघू. किल्ली कोणाकडे आहे?

ग्रंथपाल:
माझ्याकडे. साडेसहाला येते, रजिस्ट्रीची ती नोंदही माझ्यासमोरच करा.