हिदाल्गोच्या चित्रांत फिलिपिन्सची भूमी इतकी कमी का दिसते?

प्रश्न : निळी क्षितिजरेषा (येथे सर्वांची टोपणनावे दिली आहेत)

फेलिक्स रेसुरेक्सिऑन हिदाल्गो या चित्रकाराच्या एका लहान सागरचित्राची छापील प्रत नुकतीच माझ्या पाहण्यात आली. करडे आकाश, ओल्या वाळूचा पट्टा आणि दूरवर विरत गेलेली पाण्याची रेषा एवढेच त्यात आहे. माणूस एकही नाही. खाली ‘आद्य फिलिपिनो चित्रकाराचे दुर्मीळ निसर्गचित्र’ अशी ओळ होती. मला हा चित्रकार ठाऊक होता तो १८८४ च्या माद्रिदच्या प्रदर्शनात रौप्यपदक मिळालेल्या, जमावापुढे उभ्या केलेल्या ख्रिस्ती कुमारिकांच्या भव्य चित्रामुळे. त्याच प्रदर्शनात त्याचा समकालीन फिलिपिनो चित्रकार हुआन लुना याच्या ‘स्पोलियारियम’ या चित्राला सुवर्णपदक मिळाले होते. त्या नाट्यमय चित्रांनंतर हा निर्मनुष्य किनारा पाहून मी बराच वेळ त्यावरच थांबलो. परंतु किनारा फ्रान्सचा असल्याचे वाचल्यावर मनात शंका आली. यात दुर्मीळ नेमके काय आहे, याला फिलिपिनो निसर्गचित्र म्हणता येईल का, आणि असे चित्र अस्सल आहे हे जाणकार कशावरून ठरवतात? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : जुनी चौकट

‘दुर्मीळ’ हा शब्द येथे थोडा दिशाभूल करणारा आहे. हिदाल्गो १८७९ मध्ये मनिलाच्या नगरपालिकेच्या शिष्यवृत्तीवर स्पेनला गेला, १८८१ च्या सुमारास पॅरिसला आला आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्याने तेथेच काढले. फ्रान्समध्ये त्याने समुद्र आणि किनारे अनेकदा रंगवले. खरोखर दुर्मीळ आहे ते त्याने, किंवा त्याच्या पिढीतील कोणीही, फिलिपिन्सच्या भूमीकडे पाहून केलेले निसर्गचित्र. हिदाल्गोपुरते बोलायचे तर त्यासाठी त्याच्या तरुणपणाकडे जावे लागते. १८७६ मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने ‘ला बांका’ हे देशी होडीचे चित्र मनिलात लोकांपुढे मांडले आणि नंतर ते अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेले.

याचे कारण चित्रकारांच्या दृष्टीत नव्हते, ते मागणीत होते, असे माझे मत आहे. एकोणिसाव्या शतकातील फिलिपिन्समध्ये चित्राला पैसे देणारे मुख्यतः तीन प्रकारचे होते. चर्चला संत हवे होते. नव्याने श्रीमंत झालेल्या कुटुंबांना स्वतःची व्यक्तिचित्रे हवी होती, आणि त्यांत अननसाच्या धाग्याच्या वस्त्रावरील भरतकामाचा टाका न् टाका दिसावा अशी अपेक्षा असे. मनिलाचे बंदर १८३४ मध्ये परदेशी व्यापाराला अधिकृतपणे खुले झाल्यावर येणाऱ्या परदेशी लोकांना तेथील माणसांची आणि पोशाखांची चित्रे आठवण म्हणून न्यायची असत. दामियान दोमिंगो या चित्रकाराने १८२१ मध्ये मनिलाच्या तोंदो भागातील आपल्या घरी चित्रकलेची शाळा सुरू केली. त्याच्या पोशाखचित्रांत माणसाच्या पायाखाली जमिनीचा जेमतेम तुकडा असतो आणि मागे बहुतेक मोकळा कागद. या तीन प्रकारच्या ग्राहकांपैकी कोणालाच रिकामे शेत किंवा नदीचे वळण विकत घ्यायचे नव्हते.

तरीही भूमी चित्रांत शिरलीच. होसे ओनोरातो लोझानो हा जलरंगांत ग्राहकाच्या नावाची अक्षरे माणसांच्या आकृतींनी रचत असे आणि त्या अक्षरांच्या आजूबाजूला मनिलाची दृश्ये रंगवत असे. ग्राहक पैसे देई ते नावाचे. पासिग नदी आणि तिच्यावरच्या होड्या त्याला त्याबरोबर मिळत. मला स्वतःला फिलिपिनो निसर्गचित्राचा आरंभ तेथेच, त्या अक्षरांच्या मधल्या जागेत दिसतो. लोझानोने १८४७ मध्ये तयार केलेला बेटांच्या दृश्यांचा संग्रह आज स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

उत्तर : रंगधानी

वरील विवेचन पटते, पण प्रश्नकर्त्याच्या दुसऱ्या शंकेला ते बगल देते. किनारा फ्रान्सचा असला तरी त्या चित्राला फिलिपिनो कलेत स्थान आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. लुना आणि हिदाल्गो प्रदर्शनांसाठी रोमन आणि पौराणिक विषय रंगवत, कारण परीक्षकांच्या दृष्टीने इतिहासचित्र सर्वांत वरच्या पायरीवर होते आणि निसर्गचित्र बरेच खाली. ‘स्पोलियारियम’ सुमारे ४.२ मीटर उंच आणि ७.७ मीटर रुंद आहे. एवढ्या आकाराचा रिकामा किनारा त्या परीक्षकांपुढे कोणी ठेवला नसता. पदकाची अपेक्षा नसताना, किनाऱ्यावर बसून किंवा तेथून आणलेल्या टिपणांवरून केलेल्या लहान चित्रांत या मंडळींचा हात मोकळा झालेला दिसतो. पुढे फिलिपिनो चित्रकार फाबियान दे ला रोसाने भातशेती रंगवली आणि त्याचा भाचा फर्नांदो अमोर्सोलो याने आकृतींच्या मागून येणाऱ्या उन्हाची शैली घडवली. त्या वाटेचा आरंभ मला फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिसतो.

उत्तर : जुनी चौकट

रंगधानी यांच्याशी मी अर्ध्यापर्यंतच सहमत आहे, आणि अडचण सनावळीची आहे. दे ला रोसाचे ‘भातशेतात काम करणाऱ्या स्त्रिया’ हे चित्र १९०२ चे आहे आणि भातलावणीचे प्रसिद्ध चित्र १९०४ चे, ज्याला त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. पॅरिसच्या आकादेमी ज्युलियाँ या कलाशाळेत शिकण्यासाठी तो गेला १९०८ मध्ये. म्हणजे भाताच्या खाचरांपर्यंत तो मनिलातूनच पोचला होता. त्याचे धडे सिमोन फ्लोरेस याच्याकडे झाले होते, आणि फ्लोरेस हा तर व्यक्तिचित्रांतील बारकाव्यांसाठी नावाजलेला चित्रकार. मला हे फार महत्त्वाचे वाटते. वस्त्राचा टाका न् टाका पाहणाऱ्या परंपरेत वाढलेल्या माणसाने तेवढ्याच निष्ठेने चिखल, पाणी आणि रोपे पाहिली, आणि तीही १८९६ पासूनची क्रांती व त्यानंतरचे अमेरिकेशी झालेले युद्ध यांतून देश नुकता कुठे बाहेर पडत असताना. त्याचे रंग शांत, काहीसे राखाडीकडे झुकणारे आहेत. अमोर्सोलोचे सोनेरी ऊन तेथे अजून यायचे आहे.

हिदाल्गोचा किनारा सुंदर आहे आणि त्याचे स्थान मी नाकारत नाही. फक्त त्याला दे ला रोसाच्या शेताचा जनक ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर : वार्निश

अस्सलपणाविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. स्वाक्षरीवर विसंबू नये. प्रसिद्ध चित्रकाराची स्वाक्षरी नंतर घालणे हा सर्वांत सोपा खोटेपणा आहे. अतिनील प्रकाशात पाहिल्यास स्वाक्षरी जुन्या वार्निशच्या खाली आहे की वर, हे अनेकदा कळते. चित्राची मागची बाजू नेहमी पाहावी. लाकडी फळी किंवा कॅनव्हासची चौकट, रंगविक्रेत्याचा छाप, जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी, खिळ्यांचा गंज यांतून पुष्कळ माहिती मिळते. रंगद्रव्यांची तपासणी निर्णायक ठरू शकते: टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या वापरात आला तो १९२० च्या सुमारास, आणि हिदाल्गो १९१३ मध्ये बार्सिलोनात वारला. मूळ रंगथरात तो पांढरा आढळला, तर चित्र त्याचे नव्हे. मात्र नंतरच्या डागडुजीतही तो असू शकतो, म्हणून नमुना कोठून घेतला हे विचारावेच. आकाशाच्या भागात अशी डागडुजी झालेली असू शकते.

सर्वांत मोठा पुरावा म्हणजे चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याची साखळी, आणि फिलिपिन्समध्ये ती फार ठिकाणी तुटते. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४५ मध्ये सुरू झालेल्या मनिलाच्या लढाईत इन्त्रामुरोस, एर्मिता आणि मालाते हे भाग उद्ध्वस्त झाले, सुमारे एक लाख नागरिक मारले गेले, आणि जुन्या घराण्यांची घरे भिंतींवरच्या चित्रांसह जळाली. चित्रांबरोबर पत्रे, पावत्या आणि छायाचित्रेही गेली. आज जी इमारत राष्ट्रीय ललित कला संग्रहालय म्हणून ओळखली जाते, ती पूर्वीचे विधिमंडळ भवन. तीही त्या वेळी मोडून पडली होती आणि पुन्हा उभारली गेली. युरोपात राहिलेली चित्रे त्या आगीतून बचावली. आपण पाहिलेला किनारा फ्रान्सचा असणे आणि तो आज पाहायला मिळणे, या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो.

निळी क्षितिजरेषा

सर्वांचे मनापासून आभार. वार्निश यांचे शेवटचे वाक्य वाचून मी ती छापील प्रत पुन्हा काढली. त्यात फक्त चित्राची पुढची बाजू आहे. मागची बाजू आणि मालकीची नोंद कोठे उपलब्ध आहे का, हे मी प्रकाशकांना पत्र लिहून विचारणार आहे, आणि त्यापूर्वी दे ला रोसाची ती दोन्ही शेते शेजारी ठेवून पाहणार आहे.