मदत हवी आहे: विलगीकरणात असताना रस्ता झाडण्याच्या वेळेचे पार्किंगचे तिकीट (२०२० मधला संवाद; यातल्या स्थगिती, सवलती आणि दंडाचे आकडे त्या वेळचे आहेत)

अंगणवेल
फलकावर दिलेल्या रस्ता झाडण्याच्या वेळी गाडी तिथून हलवली नाही म्हणून आमच्या गाडीला दंडाचे तिकीट लावलेले आहे. कोविडच्या महामारीमुळे हा नियम मार्च २०२० पासून स्थगित आहे, शिवाय यजमानांची चाचणी पॉझिटिव्ह आल्यामुळे आम्ही दोघेही विलगीकरणात आहोत. एकीकडे घराबाहेर पडू नका असे बजावायचे आणि दुसरीकडे बाहेर पडला नाहीत म्हणून दंड करायचा, हा कुठला न्याय? असे तिकीट रद्द करून घेण्याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया लवकर सांगावे. मला हे प्रकरण आजच निकालात काढायचे आहे.

लाटांकाठी
तुम्ही निश्चिंत राहा. निवासी भागांतल्या रस्ते-झाडणीची तिकिटे देणे १६ मार्चपासून थांबवलेले आहे आणि ते अजूनही सुरू झालेले नाही, त्यामुळे हे तिकीट उघडउघड चुकीचे आहे. आमची गाडी तर कित्येक आठवडे एकाच जागी उभी आहे.

धुकेवाडी
असे सरसकट आश्वासन देऊ नये. तुम्ही लॉस एंजेलिसची गोष्ट सांगत आहात, तर आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १५ जूनपासून तिकिटे पुन्हा सुरू झाली आहेत. प्रत्येक शहराने आपापली तारीख ठरवली आहे. अंगणवेल, तुम्ही कोणत्या शहरात राहता ते आधी सांगाल का?

अंगणवेल
न्यूयॉर्क, दुसरे कुठले? क्वीन्समध्ये राहतो. पण शहर कोणतेही असले तरी आजारी माणसाला दंड करणे योग्य आहे का, हा माझा प्रश्न आहे.

कलमबहाद्दर
आजारपणाचा मुद्दा बाजूला ठेवा आणि तिकीट नीट वाचा. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याप्रमाणे पाटीचा (नंबरप्लेटचा) क्रमांक, पाटीचा प्रकार, नोंदणीची मुदत, गाडीची कंपनी आणि गाडीचा आकारप्रकार यांची नोंद तिकिटावर अचूक असावी लागते. त्यांतली एखादी जरी चुकलेली किंवा राहून गेलेली असली, तरी तिकीट टिकत नाही. मी दरवेळी प्रथम हेच तपासतो आणि प्रत्येकाने हेच करावे असे माझे ठाम मत आहे.

शंभरीपार
हातातल्या यंत्राने छापलेल्या तिकिटात अशी चूक आता क्वचितच सापडते, त्यामुळे सगळी भिस्त त्या एकाच उपायावर ठेवणे शहाणपणाचे नाही. मी मॅनहॅटनमध्ये राहतो आणि गाडी रस्त्यावरच लावतो, म्हणून इथली स्थिती सविस्तर लिहितो. आल्टरनेट साइड पार्किंग (झाडणीच्या वारी रस्त्याच्या त्या बाजूची गाडी हलवण्याचा नियम) १८ मार्च २०२० पासून स्थगित झाले, १८ ते २४ मे या एकाच आठवड्यापुरते लागू झाले, पुन्हा थांबले आणि २९ जूनपासून परत आले. म्हणजे मार्चपासूनची स्थगिती आता उरलेली नाही. मात्र ते परत आणताना महापौर बिल डी ब्लासिओ यांनी एक मोठा बदल जाहीर केला, ज्याकडे पुष्कळांचे लक्ष गेलेले दिसत नाही. निवासी रस्त्याच्या ज्या बाजूच्या फलकावर आठवड्यातले एकाहून अधिक वार लिहिलेले आहेत, त्या बाजूची गाडी आता त्यांपैकी फक्त शेवटच्या वारी हलवायची आहे. तेव्हा फलकावर कोणते वार आहेत, तिकीट कोणत्या वारचे आहे आणि त्यावर वेळ काय छापली आहे, हे कळल्याशिवाय कोणताही सल्ला देता येणार नाही.

डेक्कनवासी
आमच्या पुण्यात पी १ आणि पी २ असे फलक असतात, म्हणजे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची. झाडणारे कर्मचारी पहाटे गाड्यांच्या मधून झाडत जातात आणि त्यासाठी कोणालाही गाडी हलवावी लागत नाही. अमेरिकेने हे शिकावे.

शंभरीपार
पुण्यातली ती सोय वाहतुकीसाठी आहे, झाडण्यासाठी नाही. इथे यांत्रिक झाडूची अवजड गाडी पदपथाच्या कडेला घासून जाते, आणि मध्ये एक जरी मोटार उभी असली तरी तिला वळसा घालावा लागून तेवढी जागा तशीच राहते. ही पद्धत या शहरात १९५० साली सुरू झाली, ती याच यंत्रांमुळे.

पायउतार
माझ्याकडे गाडी नाही, तरी बोलतो. झाडणी बंद असताना आमच्या गल्लीच्या कडेला मुखपट्ट्या आणि हातमोजे साचले होते आणि पाऊस आला की ते सगळे गटाराच्या जाळीवर जाऊन बसत असे. साथीच्या काळात रस्ता झाडणे हेही आरोग्याचेच काम आहे, हे गाडीवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

धुकेवाडी
ते मान्य आहे, परंतु कोविड झालेल्या माणसाने जिना उतरून, शेजाऱ्यांच्या जवळून जाऊन गाडी हलवणे हे त्याहून घातक नाही का? अंगणवेल, चाचणीचा अहवाल जोडून पाठवा. कोणताही सुनावणी अधिकारी तो मान्य करील.

शंभरीपार
मान्य करीलच असे छातीठोकपणे सांगू नका. शेजाऱ्याला किल्ली देता आली नसती का, असा प्रश्न तो विचारू शकतो. अहवाल जोडायला हरकत नाही, पण मुख्य मुद्दा तिकिटाच्या वारावर ठरणार आहे आणि तेच अजून कळलेले नाही.

अंगणवेल
वाराने एवढा काय फरक पडतो ते मला समजत नाही, पण सांगते. फलकावर सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८:३० ते १० असे आहे. तिकीट गेल्या सोमवारचे आहे आणि त्यावर ८:३३ ही वेळ छापलेली आहे. शेजाऱ्यांना किल्ली देण्याचे म्हणाल, तर त्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेले दोघे आहेत, आमच्या घरातली वस्तू त्यांच्या हाती देणे मला प्रशस्त वाटले नाही.

शंभरीपार
मग हे पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते! त्या बाजूला आता फक्त गुरुवारी गाडी हलवायची आहे, त्यामुळे सोमवारचे तिकीट मुळातच लागू होत नाही. तेही बाजूला ठेवले, तरी झाडणीच्या वेळेला सुरुवातीची पाच मिनिटे सवलतीची असतात आणि ८:३३ त्यात बसते. फक्त दोन गोष्टी पडताळून पाहा. तिकिटावर नियमभंगाचा क्रमांक २१, म्हणजे झाडणीच्या वेळेचा, आहे ना, आणि त्याच खांबावर किंवा पुढच्या खांबावर पार्किंगच्या मीटरचा अथवा दुसऱ्या मनाईचा फलक नाही ना? मीटरचे नियम वेगळे चालतात.

कलमबहाद्दर
आणि पाटीचा क्रमांक, नोंदणीची मुदत वगैरे तपासले का?

अंगणवेल
क्रमांक २१ च आहे. मीटर नाही, सगळी घरेच आहेत. खिडकीतून दोन्ही खांब दिसतात. मग आता दंडाचे ४५ डॉलर भरून टाकावेत आणि नंतर परत मागावेत का?

शंभरीपार
मुळीच भरू नका, पैसे भरणे म्हणजे आरोप मान्य करणे. आक्षेप ऑनलाइन नोंदवता येतो, त्यासाठी घराबाहेर पडण्याची गरज नाही. फलकाचे छायाचित्र, त्यावरचा बाण आणि खालचे वार स्पष्ट दिसतील असे, कोणा परिचिताकडून काढून घ्या. त्यासोबत शहराच्या जाहीर सूचनेची प्रत आणि तिकिटाच्या दोन्ही बाजू जोडा. पत्रात वार आणि वेळ हे दोन मुद्दे प्रथम लिहा, आजारपण शेवटी एका वाक्यात पुरे. तिकिटाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत हे झाले पाहिजे, नंतर १० डॉलरपासून वाढीव दंड सुरू होतो. निकाल विरोधात गेला, तर अपील करायलाही निकालापासून ३० दिवस मिळतात.

धुकेवाडी
आजारपण एका वाक्यात गुंडाळण्याशी मी सहमत नाही. अहवाल जोडाच.

अंगणवेल
फलकाचे छायाचित्र आणि अहवाल दोन्ही जोडीन. अर्जात गाडीच्या नोंदणीकृत मालकाबद्दल विचारले आहे. गाडी शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या माझ्या दिरांच्या नावावर आहे, यजमान ती वापरतात. त्याने काही अडते का?

शंभरीपार
तिकिटाची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते आणि पुढच्या सगळ्या नोटिसा दिरांच्याच पत्त्यावर जातील. अर्ज पाठवण्यापूर्वी त्यांना फोन करा, नाहीतर नोटीस हाती पडताच ते बिचारे पैसे भरून मोकळे होतील.

कलमबहाद्दर
न्यू जर्सीची पाटी? मग नोंदणीच्या मुदतीच्या रकान्यात नेमके काय छापले आहे, ते कृपया इथे लिहा.