शाळा नऊची, लोकल आठची

लहान मुलांची झोप व्हावी म्हणून शाळा उशिरा भरावी, हे म्हणणं मला मनापासून पटतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतरच भरवा, हा फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णयही त्यासाठीच होता. पण डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट लोकलनेही साधारण तासभर लागतो. दहाला ऑफिस गाठायचं तर साडेआठच्या आत प्लॅटफॉर्मवर असावं लागतं. मग पोरांना सोडणार कोण? मी पहाटे पोळ्या लाटून डबे भरते, लेकीच्या वेण्या घालून निघते. पुढे व्हॅनपर्यंत सासूबाई नेतात, म्हणून निभतं. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत त्यांनी काय करायचं? शाळांनी साडेसातपासून एखादा वर्ग उघडा ठेवावा, सोबतीला एक ताई असावी. त्याची वेगळी फी भरायला आम्ही आनंदाने तयार आहोत.