रास्पबेरी पाय ४ वर कीर्तन मध्येच गोठतं

मंडळी, आईसाठी टीव्हीमागे २ जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय ४ (छोटासा संगणक) लावलाय, त्यावर कोडी (व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर). नेटवरचं कीर्तन छान सुरू होतं आणि मध्येच बुवांचा चिपळ्यांचा हात वरच राहतो, मग आवाजही थांबतो. आई रिमोट धरून तशीच बसून राहते, ते बघवत नाही. वायफाय २.४ गिगाहर्ट्झ, निळ्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क.

> कीबोर्डवर ओ दाबा. डिकोडरपुढे (व्हिडिओ उलगडणारा भाग) एचडब्ल्यू, म्हणजे हार्डवेअर, दिसतं का? पाय ४ चं हार्डवेअर एच.२६४ (व्हिडिओ साठवायची एक पद्धत) फक्त १०८०पीपर्यंत पेलतं. ४के हवं तर एच.२६५च.

दिसतं, दादा. १०८०पीच आहे. तापमान ५४ अंश.

> मग तापण्याचा प्रश्न नाही, ती ८० च्या पुढची गोष्ट. मला डिस्कचा संशय येतो. यूएसबी ३ चा (तोच निळा पोर्ट) रेडिओ गोंगाट नेमका वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. डिस्क लांब ठेवा, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. आणि मोबाइलचा चार्जर असेल तर बदला, ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा लागतो.

चार्जर बरोबर होता. डिस्क लांब वायरीवर शोकेसच्या टोकाला ठेवली, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं. काल पूर्वरंग-उत्तररंग एकदाही न अडकता झाले. आरतीला आई उठून उभी राहिली. मनापासून आभार, दादा.