नुसती नावाची पाटी नाही
मूळ चौघांपैकी बँडमध्ये एकही उरला नाही म्हणजे आजचा डॉ. फीलगुड हा इंग्लिश रॉक बँड फक्त नावाची पाटी, असं या चर्चेत म्हटलं गेलं ते पटत नाही. ड्रमवाला केव्हिन मॉरिस आणि बेसवाला फिल मिचेल १९८३ मध्येच मूळ गायक ली ब्रिलोच्या मागे वाजवायला लागले होते. बँड आधी संपला आणि मग कुणीतरी नाव उचललं, असं झालेलं नाही. कर्करोगाने खंगलेला ली जानेवारी १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या कॅन्व्हे बेटावर, बँडच्या मूळ गावी, शेवटचं गायला, एप्रिलमध्ये गेला. बँड चालू राहावा ही त्याचीच इच्छा होती. पुढच्याच वर्षी नवा गायक घेऊन ही मंडळी परत दौऱ्यावर.

मूळ चौघांतला गिटारवाला विल्को जॉन्सन, त्याची गिटार वेगळीच होती, वाद नाही. १९७६ चा 'स्टुपिडिटी' हा लाइव्ह अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तो त्याच्या काळातच. पण विल्को १९७७ मध्येच बँडमधून बाहेर पडला. त्यानंतरची सतरा वर्षं व्हॅनमधून गावोगाव फिरून ज्याने काढली, तो ली. चर्चेत त्याचं नाव इतक्या उशिरा यावं याचं नवल वाटलं.