मदत हवी आहे: अ‍ॅमस्टरडॅममध्ये गाइडसोबतची सायकल टूर परवडते का?

नमस्कार मंडळी. युरोपच्या सहलीत बर्लिनमध्ये अशी टूर घ्यायचं ठरलंय. शहर सपाट, ठिकाणं लांब लांब, आणि बर्लिनची भिंत कुठून जायची ते रस्त्यातल्या दगडांच्या दुहेरी ओळीवरून गाइडने दाखवलं की पटकन कळतं. तिथे टूर वसूल.

घोडं अडलंय अ‍ॅमस्टरडॅमपाशी. कालव्यांचा जुना भाग पायीच होतो. भाड्याच्या साध्या सायकलींना बरेचदा हँडब्रेक नसतो, पेडल उलटं मारून थांबायचं. सिग्नलला पेडल मागे फिरवून वर आणायची आपली सवय तिथे नडते. ट्रामचा रूळ तिरका ओलांडला की चाक अडकलंच, काटकोनातच जायचं. चालवताना मोबाइल हातात धरायला २०१९पासून बंदी, म्हणजे नकाशा बघत जाणं बाद. इथे गाइड कामाचा, पण मोठ्या गटातले निम्मे सिग्नलला मागे राहतात.

सोबत साठीचे आई-बाबा आहेत. आईची उंची पाच फूट, डच सायकली उंच. तर सांगा:
१. हँडब्रेकवाली, लहान फ्रेमची सायकल आधी कळवून नक्की मिळते का?
२. शहर सोडून, सेंट्रल स्टेशनमागच्या फुकट फेरीबोटीने पाण्यापलीकडे जाऊन डुर्खरडॅम गावाकडची टूर घेतली तर? रहदारी कमी, पण उघड्यावरचा समोरचा वारा साठीच्या माणसांना झेपतो का?