मदत हवी आहे: वयस्कर आईसोबत माल्टा आणि गोझो

माझी मावशी माल्टातील स्लीमा येथे, तर मावसबहीण शेजारच्या गोझो बेटावर राहते. एप्रिलमध्ये आईला दोघींकडे न्यायचे आहे. बहिणी-बहिणींची भेट फार वर्षांनी होणार असल्याने फिरण्यापेक्षा त्यांच्या निवांत गप्पांना वेळ मिळावा, ही मनापासून इच्छा आहे. आईचे गुडघे दुखतात. चिर्केव्वाहून गोझोची फेरीबोट सुमारे 25 मिनिटांत पोहोचते, पण तिथवरचा बसप्रवास तिला झेपेल का, की व्हॅलेटाहून सुटणारी जलद बोट बरी? गोझोवरील ज्गान्तियाची पाषाणमंदिरे, जी गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी आहेत, ती तिला दाखवायचीच आहेत. तिथली वाट काठी टेकत चालण्याजोगी आहे का? वडीलधाऱ्यांना घेऊन गेलेल्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर कळवावा.